दोन घरचा पाहुणा

साहेब पाठीवर पडला होता. पोट वर, पाठीवरचा पर खाली लोंबलेला, आणि तोंडाची उघडमीट मात्र नेहमीसारखी चालू. मिस्त्रीने काचेवर टिचकी मारली. साहेबाने दोनदा शेपटी झटकली, सरळ व्हायची खटपट केली, अर्धामुर्धा वळलाही, आणि मग कोणीतरी खालून ढकलल्यासारखा पुन्हा वर जाऊन पोट उघडं टाकून तरंगत राहिला.

"आहे अजून," मिस्त्री स्वतःशीच म्हणाला.

न्हाणीघरात नळ चालू होता. बायको आंघोळीला गेली की नळ बराच वेळ चालू असायचा, आणि तो चालू असेपर्यंतचा वेळ मिस्त्रीचा. त्याने हत्यारांची पिशवी ओढली, पान्यांच्या खालून प्लॅस्टिकचा एक छोटा डबा काढला, झाकण फिरवलं आणि नारिंगी दाण्यांची चिमूट पाण्यावर सोडली. साहेबाने उलट्यानेच एकेक करत सगळे दाणे मटकावले. पोहता येईना तरी भुकेला काही धाड भरली नव्हती. नळ बंद झाला तसा डबा पिशवीत गेला, पिशवी खांद्यावर गेली, आणि मिस्त्री दारात बसून बूट चढवू लागला.

बायको केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. तिने टाकीकडे पाहिलं नाही. त्यानेही पाहिलं नाही.

"गॅस आज येईल," ती म्हणाली.

"बरं."

झालं, दिवसाचं बोलणं उरकलं. संध्याकाळी फार तर मध्ये लाइट गेली होती का, एवढी भर पडायची. ताट वाढून झालं की ती ते टेबलावर जरा जोरात ठेवायची. त्या आवाजावरून जेवण तयार आहे हे त्याने ओळखायचं आणि मुकाट्याने येऊन जेवायचं.

घर तिघांचं होतं तेव्हा असं नव्हतं. तेव्हा बोलणं इतकं असायचं की शेजारचे भिंतीवर थापा मारायचे. त्यात सिंहाचा वाटा लेकीचा. तिला खारू म्हणायचे, कारण लहानपणी ती पेन्सिलीचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, मोडकी घड्याळं कुठेकुठे दडवून ठेवायची, मग जागा विसरायची आणि घर डोक्यावर घ्यायची. कॉलेजात गेली तरी खोड गेली नाही. माशाचं बारसंही तिनेच केलं होतं. "दिवसभर काचेमागे बसतो, काम शून्य, आणि कोणी समोर आलं की तोंड उघडून काहीतरी मागतो. हा साहेब नाही तर कोण?" असं ती म्हणाली होती, आणि मिस्त्री हसता हसता ठसका लागून खोकला होता.

मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं. साधा ताप म्हणता म्हणता छोटा दवाखाना झाला, मोठा दवाखाना झाला. एका दुपारी डॉक्टरांनी मिस्त्रीला बाहेर बोलावलं आणि आता आशा धरू नका म्हणून सांगितलं. मिस्त्री खोलीत परत आला. बायको खारूचे केस विंचरत होती. बरी झालीस की कुठे कुठे जायचं, याचे बेत चालले होते. खारू डोळे मिटून हं हं म्हणत होती. मिस्त्री स्टुलावर बसला आणि गप्प राहिला. बोलताहेत तोवर बोलू दे, एवढंच त्याच्या मनात आलं. संध्याकाळी सगळं आटोपलं. त्यानंतर केव्हातरी बायकोला कळलं की याला दुपारपासूनच ठाऊक होतं.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. "तुम्हाला माहीत होतं?" एवढंच तिने विचारलं. तो "हो" म्हणाला. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं उरलं.

मिस्त्रीला रडू आलं नव्हतं. तो लवकरच कामावर गेला तेव्हा लोक म्हणाले, बरं केलंत, मन गुंतवलंत. मन कुठे होतं ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. रात्रभर अंगाखाली सापडलेला हात सकाळी दुसऱ्याचाच वाटतो, तसं त्याला सगळंच वाटायचं. लिफ्ट दुरुस्त व्हायच्या, पगार व्हायचा, जेवणही घशाखाली जायचं. चव कळत नसे, पण तक्रार कोणाकडे करणार, आणि का करायची?

टाकीशेजारी फळीवर खारूचा डबा होता. माशाच्या खाण्याचाच, आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकचा. तिने शेवटचं झाकण लावलं तेव्हा दाणे लेबलावरच्या माशाच्या शेपटीपर्यंत होते. त्या डब्याला हात लावायची मिस्त्रीची छाती झाली नाही. म्हणून ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने वेगळा डबा आणून पिशवीत ठेवला. आणि फळीवरच्या डब्यातले दाणे शेपटीखाली कधीच उतरले नाहीत, यावरून त्याने हेही ताडलं की बायको साहेबाला खायला घालत नाही. पोरीच्या हातचा एवढा एकच जीव घरात उरलाय आणि आई त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. हे त्याने मनात ठेवलं होतं. राग म्हणावा तर राग यायलाही अंगात ऊब लागते, ती नव्हती. पण विसरला मात्र नव्हता.

लिफ्टचं काम करणाऱ्याला बिघाड शोधायची एक शिस्त असते. आधी माणसांना विचारायचं, मग मशीनला. माणसं हमखास सांगतात, आपोआप बंद पडली. आपोआप काही होत नसतं. कोणीतरी दारात कपाट अडकवलेलं असतं, कोणाच्या पोराने सगळी बटणं दाबलेली असतात, आणि सगळ्या मजल्यांवरचे लोक "मी नाही बुवा" म्हणत उभे असतात. मिस्त्री ऐकून घ्यायचा आणि टॉर्च घेऊन वर जायचा. "मशीन खोटं बोलत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

साहेबाचं दुखणं त्याने याच शिस्तीने हाती घेतलं. बायको कामावरून उशिरा यायची त्या दिवशी त्याने हवेचा पंप खोलला, त्याचा दगड घासला, नळी बदलली. बादलीत पाणी मुरवून टाकीतलं अर्धं पाणी पालटलं. ऊन लागत असेल म्हणून टाकी खिडकीपासून आत ओढली. शेवटी काही सुचेना तेव्हा पाणसळ लावून टेबल तिरकं आहे का तेही पाहिलं. टेबल अगदी सरळ होतं. मासाच तेवढा उलटा होता.

कामावर त्याचा जोडीदार होता. जिभेला हाड नसलेला, पण मनाने सोन्यासारखा. एका उंच इमारतीच्या डोक्यावर, मोटारीच्या खोलीत दोघं दोराला तेल देत बसले होते तेव्हा मिस्त्रीने त्याला विचारलं.

"वर जाऊन बसतो. खाली येतच नाही. जोर लावतो, चार बोटं येतो, सोडलं की परत वर."

"मग पाळण्याच्या मागच्या बाजूला वजन जास्त पडलं असेल," जोडीदार म्हणाला.

"मासा आहे. लिफ्ट नाही."

"मासा?" जोडीदाराने तेलाचा डबा खाली ठेवला. "अरे मग त्यात काय एवढं? फेक आणि दुसरा आण. नारिंगी तो नारिंगी. त्याच्या तोंडावर काय नाव लिहिलंय?"

"शेपटीवर पांढरा ठिपका आहे."

"ठिपक्याचा आण."

मिस्त्री फडक्याने एकेक बोट पुसत राहिला. जोडीदाराच्या डोक्यात उजेड पडला तसा त्याचा चेहरा उतरला.

"खारूचा होय रे?"

"हं."

"माझ्या तोंडाला कुलूप लावायला पाहिजे." तो जरा वेळ गप्प बसला, आणि त्याच्या मानाने तो फारच वेळ होता. मग म्हणाला, "मोठ्या पुलाखाली एक दुकान आहे बघ, माशांचं. एक बाई चालवते. माझ्या मेव्हण्याचा मासा तिने उठवून बसवला होता. पण जाशील तर नीट बोल. एकाने दारातून 'किलो कसे' विचारलं तर बाईने बादली ओतली त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी नळ सुरू झाल्याबरोबर मिस्त्रीने साहेबाला अलगद एका रुंद तोंडाच्या बरणीत घेतलं. झाकणाला भोकं पाडून ठेवली होती. तो नेहमीच्या वेळी निघणार, बायको तिच्या वेळी निघणार. ती एका हॉटेलच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालायची. ती गेल्यावर आपण साहेबाला परत आणून टाकीत सोडू, आणि मग दुपारच्या पाळीला जाऊ, असा त्याचा हिशेब होता. तिला सांगावं असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. टाकीकडे ती बघते कधी?

त्या सकाळीही त्याने चिमूटभर दाणे बरणीत टाकले. आजारी माणसाला उपाशी पोटी डॉक्टरकडे नेऊ नये, असा त्यामागचा विचार.

दुकान बंद होतं. पायरीवर बरणी मांडीत घेऊन मिस्त्री बसून राहिला. येणारेजाणारे बरणीकडे बघायचे, मग त्याच्याकडे बघायचे आणि पुढे जायचे. बाई आली ती किल्ल्यांचा जुडगा वाजवत, सर्दीने लाल झालेलं नाक पुसत. जाडजूड, हातांची बोटं सतत पाण्यात असल्यासारखी सुरकुतलेली. तिने बरणी बघितली आणि शटर वर करता करताच तपासणी सुरू केली.

"कधीपासून उलटा?"

"महिना झाला असेल. आधी नुसता कलायचा. आता सरळच होत नाही."

"वरच राहतो की तळाला बसतो?"

"वर."

"खातो?"

"हो. खाण्यात कसूर नाही."

"कसूर कशाला करेल? मासा आहे तो, नवरा नाही." बाईने बरणी उजेडात धरली, गोल फिरवली. साहेबाचं पोट तिच्या नाकासमोर आलं. "दादा, हे पोट बघितलंत का? फुगून टम्म झालंय. याच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्यावर खाली-वर जाण्याचं सगळं गणित. पोट अन्नाने ठेचून भरलं की ती पिशवी दबते, बिघडते. मग हा असा फुग्यासारखा वर. किती वेळा घालता?"

"एकदाच. सकाळी चिमूटभर."

"चिमूट दाखवा."

मिस्त्रीने पाना धरून धरून जाड झालेली बोटं जुळवून दाखवली. बाई खो खो हसली आणि हसता हसता शिंकली.

"ही चिमूट? ही तर मूठ झाली! पण मूठ धरली तरी एका वेळच्या खाण्याने एवढं होत नाही. आणखी कोण घालतं?"

"कोणी नाही."

"घरात कोण असतं?"

"बायको."

"मग ती घालत असणार."

"ती नाही घालत," मिस्त्री म्हणाला. "ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही."

"कशावरून?"

"डबा भरलेला आहे तसाच आहे."

बाईने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघा दादा. माणसं काय वाटेल ते सांगतात. माशाचं पोट खोटं बोलत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना? माशाचं त्याच्या उलट. दोन घरचा मासा खाऊन खाऊन मरतो. त्याला नाही म्हणता येत नाही बिचाऱ्याला."

स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मिस्त्री नुसता बघत राहिला.

बाईने उपाय सांगितला. तीन दिवस कडकडीत उपास, कितीही तोंड वासलं तरी दाणा नाही. चौथ्या दिवशी मटाराचा एक दाणा उकडायचा, मीठबीठ काही नाही, साल काढायची, बोटाने कुस्करायचा आणि अर्धाच द्यायचा. त्याने पोट मोकळं झालं तर झालं.

"वाचेल का?" मिस्त्रीने विचारलं.

"खरं सांगू की बरं वाटेल असं सांगू?"

"खरं."

"मग सांगता येत नाही. उशीर झालाय. वाचला तरी थोडा तिरकाच राहील कदाचित. तसाच सांभाळायचा."

घराकडे चालताना बरणीतलं पाणी डुचमळत होतं. मिस्त्रीचं डोकं सवयीने चाललं होतं. दार कुलूपबंद असतं. शेजारचं कोणी येत नाही. खिडकीला जाळी. मग उरतं कोण? तिथपर्यंत तो पुन्हा पुन्हा यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा, कारण डब्यातले दाणे शेपटीपर्यंत होते आणि ते त्याने आज सकाळीही पाहिले होते.

दाराला कुलूप नव्हतं.

बायको टाकीसमोर उभी होती, दाराकडे पाठ करून. कामावर जायची पिशवी खांद्याला, चपला पायात. तिची वेळ कधीच टळून गेली होती. टाकीत पंपाचे बुडबुडे वर येत होते आणि बाकी पाणी रिकामं होतं.

"कुठे टाकलंत त्याला?" मागे न वळताच तिने विचारलं.

"अगं..."

"मेला तर मला सांगायचं होतंत. नुसतं सांगायचं होतंत!" तिचा आवाज चढला. त्या घरात वर्षभर आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो भांड्यांनाही लागल्यासारखा वाटला. "दर वेळी तुम्हीच ठरवणार, हिला कधी कळू द्यायचं ते? तिच्या वेळी तेच, याच्या वेळी तेच. मी काय परकी आहे? मी तिला कुठे कुठे नेणार ते सांगत बसले होते, आणि तुम्ही बाजूला बसून ऐकत होतात! एकदा बोलला असतात तर मी तिला नुसतं जवळ घेऊन बसले असते. ते फिरायला जायचं वगैरे नसते बोलले. आता मला तेवढंच ऐकू येतं. माझाच आवाज ऐकू येतो."

मिस्त्रीला यातलं काही नवीन नव्हतं. तिने न बोलता हेच वर्षभर सांगितलं होतं. तरी शब्दांत ऐकल्यावर त्याला वाईट वाटलं. फार दिवसांनी त्याला काहीतरी वाटलं आणि ते वाईट होतं. त्याने बरणी पुढे केली.

"जिवंत आहे. पुलाखालच्या दुकानवालीला दाखवायला नेला होता."

ती वळली. बरणीतल्या उलट्या माशाकडे बघत राहिली. तिचा उजवा हात छातीशी होता, बोटं मीठ धरावं तशी घट्ट जुळलेली. घामाने त्यांच्या टोकांना नारिंगी रंग लागला होता. डाव्या हातात एक छोटा डबा होता, मिस्त्रीच्या पिशवीत होता तसाच. तो त्याने घरात कधीच पाहिला नव्हता. टेबलावर तिचा शिवणाचा डबा उघडा पडला होता.

"हातात काय आहे?" त्याने विचारलं.

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"त्याचं खाणं."

"तू घालतेस?"

"मग कोण घालणार? तुम्ही तर त्याच्याकडे बघतही नाही."

"कधीपासून?"

"ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुम्ही कामावर गेलात की." ती थोडी चिडूनच म्हणाली, "एवढी तिची एक गोष्ट. तीही उपाशी मारू?"

मिस्त्रीने बरणी टेबलावर ठेवली. पिशवीत हात घातला, पाने बाजूला सारले आणि आपला डबा काढून तिच्यासमोर ठेवला.

"मी सकाळी घालतो," तो म्हणाला. "तू आंघोळीला गेलीस की."

ती त्या डब्याकडे बघत राहिली. साहेबाने बरणीत शेपटी हलवली, तेवढाच आवाज.

"कधीपासून?" आता तिने विचारलं.

"तेव्हापासूनच."

"मला वाटलं, तुम्हाला काही..." तिने वाक्य सोडून दिलं. मग फळीकडे हात केला. "त्यातलं कमी होत नव्हतं ना. मी रोज बघायचे. शेपटीपर्यंतच."

"मीही तेच बघत होतो."

"तिने लावलेलं झाकण आहे ते," बायको म्हणाली. "मी कशी उघडणार?"

"हो," मिस्त्री म्हणाला.

दोघांनी एकमेकांना वर्षभर दगडाच्या काळजाचं ठरवलं होतं, आणि पुरावा म्हणून फळीवर एक डबा होता. ज्या डब्याला दोघांनाही हात लावता आला नाही, तोच. साहेब तेवढा दोघांकडे जेवत होता. तो कोणाला काय सांगणार?

बायकोने जुळलेली बोटं सोडली. दाणे ओले होऊन चिकटले होते, ते तिने पदराला पुसले. मग खुर्ची ओढून बसली. खांद्यावरची पिशवी तशीच.

"काय म्हणाली दुकानवाली? वाचेल ना?"

मिस्त्रीच्या तोंडावर "वाचेल" हा शब्द अगदी तयार होता. सोपा होता, आणि तिला तो हवा होता. एक दिवस, दोन दिवस तिला बरं वाटलं असतं. तो तिच्यासमोर बसला.

"नक्की नाही, म्हणाली. उशीर झालाय. वाचला तरी तिरका राहील कदाचित."

तिने मान हलवली. रडली नाही.

"बरं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "बरं झालं सांगितलंत."

साहेबाला टाकीत सोडलं तेव्हा दोघांनी मिळून बरणी धरली होती. एका माणसाचं काम होतं. त्यामुळे पाणी थोडं टेबलावर सांडलं.

उपासाचे दिवस साहेबाला जड गेले आणि या दोघांना त्याहून जड. माणूस समोर आलं की साहेब उलट्यानेच तोंड वासून काचेला यायचा. हात आपसूक डब्याकडे जायचे. बायकोने दोन्ही डबे कपाटात टाकून कुलूप लावलं आणि किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली. थोड्या वेळाने मिस्त्रीने ती तिलाच परत दिली.

"माझा भरवसा नाही," तो म्हणाला.

"माझा तरी कुठे आहे?"

शेवटी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायला दिली. शेजारणीला वाटलं घरात दागिने आहेत. तिने ती जिवापाड जपली.

सकाळी नळ चालू असताना मिस्त्री टाकीसमोर रिकाम्या हाताने उभा राहायचा. आतून आवाज यायचा, "घातलं नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"नाही गं."

नळ पूर्वीइतकाच वेळ चालू असायचा. तो इतका वेळ कशाला लागतो हे मिस्त्रीने कधी विचारलं नव्हतं. एका सकाळी उभ्या उभ्या पाण्याखालून तिच्या रडण्याचा आवाज त्याला ऐकू आला, आणि तो रोजचाच आहे, आपणच तेवढा वेळ डबा उघडण्यात घालवत होतो, हे त्याला कळलं. त्याने दार वाजवलं नाही. पण ती बाहेर येईपर्यंत बूट न घालता तिथेच थांबला.

चौथ्या दिवशी बायकोने सुटी घेतली. छोट्या पातेल्यात एकच मटार उकडला. एवढ्याशा दाण्याला एवढं पाणी, त्यात तो गरगर फिरत होता. मिस्त्रीने तो तळहातावर घेऊन साल काढायला घेतली, पण त्याच्या बोटांना ती सापडेना. बायकोने नखाने अलगद सोडवली. आतले दोन भाग सुटे झाले. एक भाग तिने कुस्करला.

"तुम्ही घाला," ती म्हणाली.

"तू घाल."

"एकाने घाला म्हणजे झालं," ती म्हणाली, आणि तिनेच घातला.

दाणे तरंगायचे. मटार तरंगला नाही. हिरवे कण हळूहळू तळाला निघाले. साहेबाला ते दिसले. त्याने शेपटी मारली, तोंड खाली केलं, थोडा गेला आणि वर फेकला गेला. पुन्हा गेला. पुन्हा वर. मिस्त्री खालचा ओठ दातात धरून बघत होता. लिफ्ट अडकली की आत माणसं असताना तो असाच बघायचा. बायकोने त्याची बाही धरली होती, ते दोघांच्याही लक्षात नव्हतं.

पुढच्या खेपेला साहेब तिरका होऊन, एका कुशीवर, सगळं अंग हलवत खाली गेला. दगडांना तोंड लागलं. हिरवा कण नाहीसा झाला. तो क्षणभर तळाशी राहिला, आणि मग वर आला, पण सावकाश, आणि पोट वर करून नाही, कुशीवर.

"खाली गेला," बायको म्हणाली.

"गेला."

"राहील?"

"माहीत नाही."

ती टाकीसमोरून हलली नाही. तोही हलला नाही. फळीवरच्या डब्यात दाणे शेपटीपर्यंत होते. मिस्त्रीच्या तळहातावर मटाराचा दुसरा अर्धा भाग तसाच राहिला होता, आता गारही झाला होता. त्याचं काय करायचं हे त्याला सुचेना. टाकीत टाकायचा नाही, बाईने अर्धाच म्हणून सांगितलं होतं. फेकवत नव्हता.

बायकोने तो दोन बोटांत उचलला आणि त्याच्यासमोर धरला.

"खा," ती म्हणाली.

मिस्त्रीने तोंड उघडलं आणि खाल्ला. तो बराच वेळ चावत राहिला.

"अळणी आहे," तो म्हणाला.